आप्पांची काचेची बिस्किटं

चिकोडीचे आमचे मामा म्हणजे मानी माणूस. खोकल्यावरची एक गोळी गालात धरून ते आमच्या सोप्यात बसले होते. शेजारचे आप्पा आले, मामांच्या फुगलेल्या गालाकडे एकटक पाहत उभे राहिले आणि म्हणाले, "पावणं, जरा तोंड उघडा बघू." हा माणूस डॉक्टर असावा असं वाटून मामांनी तोंड उघडलं. आप्पांनी दोन बोटांनी गोळी बाहेर काढली, खिडकीशी जाऊन उन्हात धरली, एक डोळा मिटून पाहिली, मग नाकाशी नेऊन हुंगली आणि परत मामांच्या तळहातावर ठेवली.

"आरपार दिसतीया. वास बी झ्याक हाय. कुठं घेतलीसा?"

मामा त्यानंतर आमच्याकडे आलेले नाहीत. मी मात्र भिंतीला भिंत लावून राहते, त्यामुळे मला पळून जायची सोय नाही.

आप्पांनी वडगावात चाळीस वर्षं माग चालवले. मागांच्या खडखडाटात आयुष्य गेल्यामुळे ते कानात सांगायची गोष्टही गल्लीला ऐकू जाईल अशी सांगतात. पाच वर्षांपूर्वी नाताळात ते कॅम्पात, म्हणजे लष्कराच्या भागात गेले होते. तिथल्या एका बेकरीत त्यांनी चांदणीच्या आकाराचं बिस्कीट पाहिलं. मधे भोक आणि भोकात वितळून गोठलेली चघळायची लाल गोळी, थेट खिडकीच्या रंगीत काचेसारखी. झालं. आप्पांनी ते विकत घेतलं, बसमध्ये सगळ्यांच्या डोळ्यांसमोर धरत घरी आणलं आणि येत्या दिवाळीला आपण हीच करायची असं जाहीर केलं. लोक दिवाळीला चकली करतात, हे मी नम्रपणे सांगून पाहिलं.

"चकलीतनं आरपार दिसतंय व्हय गं?" आप्पांनी विचारलं.

आमच्याकडे दिवाळीआधी मैदा, साखर, डालडा घेऊन भट्टीवर जायचं आणि नानकटाई भाजून आणायची पद्धत आहे. बायकांची ही रांग लागते, प्रत्येकीच्या ट्रेवर नावाची चिठ्ठी. त्या रांगेत एकटे आप्पा, धोतराचा सोगा खोचून, डोक्यावर ट्रे. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचं झाकण दाबून त्यांनी प्रत्येक बिस्किटाला भोक पाडलेलं आणि त्यात बत्त्याने फोडलेल्या गोळ्यांचा चुरा भरलेला. पहिल्या वर्षी चुरा वितळला आणि ट्रेला असा चिकटला, की भट्टीवाल्या रफीकभाईंनी तो उलथन्याने खरवडताना दोन्ही धर्मांतल्या देवांची नावं घेतली. दुसऱ्या वर्षापासून आप्पा खाली तेलकागद घालू लागले. आता तर ट्रे बाहेर आला की ते रफीकभाईंचा हातच धरतात. "थंड हू दे! आत्ता उचललंस तर काच वघळंल." मागे खोळंबलेल्या बायका बोटं मोडत उभ्या असतात आणि आप्पा वर्तमानपत्राने बिस्किटांना वारा घालत असतात.

या वेडाचं कारण मला दुसऱ्या वर्षी कळलं. आप्पांच्या बायकोला, म्हणजे आमच्या काशीआक्काला, काचबिंदू आहे. ही बाई उभा जन्म सुताच्या कांड्या भरत आली. लाल रंगातले दहा लाल ती नुसत्या नजरेने वेगळे करायची. डॉक्टरांनी सांगितलं, गेलेली नजर परत येणार नाही, उजेड आणि भडक रंग तेवढे काही दिवस कळत राहतील. म्हणून दिवाळीच्या सकाळी आप्पा पूर्वेच्या खिडकीत दोऱ्याला बिस्किटं टांगतात. आक्का एकेक हातात घेते, तोंडाजवळ नेते आणि रंग सांगते. आप्पा समोर परीक्षेच्या निकालाला आल्यासारखे उभे असतात. "रंग वळीखतीया तवर नजर हाय," ते मला दरवर्षी सांगतात. दरवर्षी आक्का सगळे रंग बरोबर सांगते आणि त्या दिवशी गल्लीत आप्पांचा आवाज अजून चढतो.

यंदा दिवाळीच्या तोंडावर आप्पांना जबर सर्दी झाली. नाक चोंदलेलं, डोळे पाणावलेले. त्यांनी मला बोलावलं. "गोळ्या तू आण. आरपार बघून घे. आन् एकेका बरणीचा वास घे. इसरू नगंस."

मी दुकानात गेले. लाल, हिरव्या, पिवळ्या, नारंगी गोळ्या उजेडात धरून पाहिल्या. एवढं करतानाच चार गिऱ्हाइकं माझ्याकडे बघायला लागली. बरणीत नाक घालायची माझी काही हिंमत झाली नाही. शेवटी गोळीचा वास घेऊन करायचं काय, असं मनाशी म्हणत मी घरी आले.

दिवाळीच्या सकाळी फराळाचं ताट द्यायला गेले, तेव्हा आक्का खिडकीशी बसली होती. तिने पहिलं बिस्कीट तोंडाजवळ नेलं. "पिवळं." दुसरं. "हिरवं." आप्पांची मान डोलत होती. मग तिने लाल बिस्कीट घेतलं. उन्हात ते रक्तासारखं लाल दिसत होतं. आक्का जरा थांबली, पुन्हा जवळ नेलं आणि म्हणाली, "नारंगी."

बोलायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात आप्पांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"व्हय," ते म्हणाले. "नारंगीच हाय."

आक्का हसली आणि तिने पुढचं बिस्कीट चाचपलं. मी खिडकीतलं एक लाल बिस्कीट उचलून नाकाशी नेलं. संत्र्याचा घमघमाट होता.

आप्पा मला बाहेर पायरीवर घेऊन आले. या माणसाचा हळू आवाज मी जन्मात पहिल्यांदा ऐकला. "दोन दिवाळ्या झाल्या. तिनं पिवळं बिस्कीट खिडकीकडं न्हाई, भित्तीकडं धरलंतं. तरीबी पिवळं म्हणाली. तवा मला कळलं."

"मग हे सगळं कशाला, आप्पा?"

"डोळं गेल्यालं मला कळलं तर मी खचंन, असं वाटतंय तिला. माझ्यासाठी वास घिऊन रंग सांगतीया बिचारी. म्हून मी वास बघून गोळ्या आणतो. लालला गुलाब, हिरव्याला पुदिना. तिचं चुकाय नगं." त्यांनी नाक पुसलं. सर्दीच होती, असं आम्ही दोघं धरून चाललो. "तुझा काय दोष न्हाय पोरी. माझंच नाक बसलंतं. तिला मातूर बोलू नगंस."

मला माझी इतकी लाज कधी वाटली नव्हती. चार अनोळखी माणसं हसतील म्हणून मी नाक वर करून निघून आले होते.

आप्पा आता नाताळलाही बिस्किटं करायची म्हणतात. काल मी त्याच दुकानात गेले. गर्दी होती. लाल गोळ्यांची बरणी पुढे ओढली, झाकण काढलं आणि कपाळापर्यंत तोंड आत घातलं.

"याक्री अक्कार?" दुकानदार घाबरून कानडीत विचारू लागला, काय झालं म्हणून.

"ह्याला संत्र्याचा वास येतोय," मी म्हणाले. "गुलाबाची बरणी काढा."