आप्तांची टाकी

रक्त हे नात्याचे असते, हे सर्वमान्य सत्य आहे. शिंपीमामांच्या थोरलीचे लग्न झाले, त्या वर्षी त्यांनी या सत्याची अंमलबजावणी मागितली.

कारण भाची. आई गेल्यापासून ती मामांकडेच वाढली. रोगांशी लढणारे सैन्य तिच्या रक्तात जन्मतःच भरती झाले नव्हते, म्हणून दर महिन्याला औषध टोचावे लागे. ते माणसांच्याच रक्तातल्या पिवळ्या पाण्यापासून बनते, असे कळताच मामा रक्तदान केंद्रात जाऊन आडवे झाले. यंत्राने रक्त घेतले, पिवळा प्लाझ्मा ठेवला, तांबडा भाग परत केला. (घेतलेले त्याच दिवशी परत करणारे हे शहरातले एकमेव कार्यालय.)

"हे भाचीलाच जाईल ना?"

"नाही हो मामा," परिचारिका म्हणाली. "हजारो लोकांचा प्लाझ्मा एका टाकीत ओततात. त्यातून औषध निघायला वर्ष जातं."

"मग माझं कोणतं, ते ओळखायचं कसं?"

"ओळखायचंच नाही. सगळ्यांचं मिसळतं, म्हणून तर औषध होतं."

शेजारच्या खुर्चीत मामांच्या समोरच्या दुकानातला न्हावी पडला होता. दोघांचा अबोला जुना होता. मामांनी तक्रार केली.

केंद्राने तत्परतेने 'आप्त विभाग' स्थापन केला: एक अधिकारी, एक पाटी, एक स्वतंत्र टाकी. (तक्रार सोडवण्यापेक्षा विभाग उघडणे सोपे.) टाकी भरायला काही हजार आप्त हवे होते. मामा निर्धास्त होते. थोरलीच्या लग्नात आप्त इतके जेवले होते की आचारी मागच्या दाराने पळाला होता. सुईला तिघे आले, पैकी एक चहापुरता. उरलेल्यांच्या कारणांची विभागाने वर्गवारी केली: भोवळ येते, बायको नको म्हणते, तुमचं-आमचं नातं तसं लांबचं. (हे शेवटचे कारण जेवताना कोणाला आठवले नव्हते.)

टाकी भरेपर्यंत मामांनी भाचीचे सरमिसळीचे औषध बंद ठेवले. तिला न्यूमोनिया झाला. तिने मामांना न विचारता औषध घेतले, आणि बरी होऊन आल्यावर म्हणाली, "मामा, आता माझ्या अंगात न्हावीकाका असणार. घरात घेताय ना?"

मामांनी घेतले, पण तत्त्व सोडले नाही.

पुढे धाकटीचे लग्न ठरले. कपड्यांच्या घाईत इस्त्रीचे निखारे अंगावर सांडून मामा फार भाजले. डॉक्टरांनी बाटली लावायला घेतली. तीही त्याच पिवळ्या पाण्याची.

"कुणाचं आहे?" मामांनी विचारले.

"हजारोंचं मिसळलेलं," डॉक्टर म्हणाले.

"मग आमच्या टाकीतलं लावा."

"मामा, तुमच्या टाकीचा तळसुद्धा ओला नाही," भाची रडत म्हणाली. "लावून घ्या ना, माझ्यासाठी."

मामांनी तोंड भिंतीकडे फिरवले.

स्मशानात आप्त लोटले. विभागाने तिथेच टेबल मांडले. गर्दी लगेच ओसरली. टेबलापाशी न्हावी तेवढा बाही वर करून उभा राहिला. तो आप्त नसल्याने त्याला परत पाठवण्यात आले.

टाकी अजून उघडी आहे. आप्त तुम्हालाही असतील, आणि तुम्हीही कुणाचे तरी असालच. हे वाचताना ज्यांनी नकळत बाही खाली ओढली, त्यांचे कारण विभागाने वर्गवारीत आधीच घातले आहे.

शिंपीमामा वारले, धाकटीच्या लग्नाच्या आदल्या आठवड्यात.