दाजींचं उघड्या डोळ्यांचं शवासन

शवासनात करायचं काय असतं हो? उताणं पडायचं, हातपाय सैल सोडायचे आणि डोळे मिटायचे. बोरीवलीतल्या आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर रोज सकाळी योगवर्ग भरतो, तिथे हे सगळ्यांना जमतं. मला तर इतकं जमतं की मी घोरते. जमत नाही ते एकट्या दाजी कुडाळकरांना. आम्ही सगळे मढ्यासारखे पडलेले असताना हा माणूस कोपरावर रेलून टक्क डोळ्यांनी बघत असतो. आणि मधेच, सगळं कसं शांत शांत झालं की, हातातला किल्ल्यांचा जुडगा खण्णकन लादीवर आपटतो. सगळी मढी दचकून उठतात.

"दाजी, किल्ल्या खिशात ठेवा ना, प्लीज!" आमची योगाची टीचर केतकी रोज विनवते.

"हातातसून पडलो गो," दाजी म्हणतात. रोज कसा पडतो?

आता मी स्वतः जात्याच संशयी. आमचे हे म्हणतात, हिला देव भेटला तरी आधी आधार कार्ड मागेल. पण दाजींपुढे मी म्हणजे अगदी भोळी सांब. दाजींनी उभा जन्म विजेच्या कंपनीत मीटर तपासण्यात घालवला. कोण तारेला आकडा टाकतोय, कोणाचं मीटर मुद्दाम सुस्त फिरतंय, हे हुडकायचं काम. रिटायर झाल्यावर संशय घ्यायला मीटरं उरली नाहीत, तेव्हा त्यांना तत्त्वज्ञान सापडलं.

झालं असं की आमच्या मंडळाच्या हॉलमध्ये एका शास्त्रीबुवांनी सहा दर्शनांवर व्याख्यानं दिली. पहिल्या दिवशी हॉल भरला, कारण नंतर साबुदाणा वडे होते. पुढे वडे बंद झाले आणि श्रोतेही. शेवटपर्यंत टिकले ते दाजी. सहा दर्शनांतली पाच त्यांनी शास्त्रीबुवांना परत दिली आणि एक न्यायदर्शन घरी आणलं. ज्ञान खरं कशावरून, हे तपासणारं शास्त्र. डोळ्यांनी दिसलं ते प्रत्यक्ष. खुणेवरून ताडलं ते अनुमान. भरवशाच्या माणसानं सांगितलं ते शब्द, आणि त्या भरवशाच्या माणसाला म्हणायचं आप्त.

त्या दिवसापासून बिल्डिंगची वाट लागली. "दाजी, लिफ्ट बंद आहे," म्हटलं की दाजी विचारणार, "तू बघितलंस? की कोणी सांगल्यान?" पाऊस येईल वाटतं, म्हटलं की ठरलेलं वाक्य, "ह्यां अनुमान झालां. प्रत्यक्ष खंय आसा?" एकदा मी वैतागून म्हटलं, "अहो, मग निदान शब्दावर तरी विश्वास ठेवा!" तर शांतपणे म्हणाले, "ठेवतंय. पण आप्त व्हयो ना? आपल्या बिल्डिंगीत एकव नाय."

बाजारात दाजींनी कोळणीला विचारलं, हा सरंगा आजचाच कशावरून, तू होतीस होडीत? ती काय ऐकून घेणार! "मी होडीत गेले तर हितं मासं इकायला तुजा बापूस बसंल काय?" दाजींना राग आला नाही. घरी येताना मला म्हणाले, बाई मुद्द्याचं बोलली.

आणि तो धुराचा दिवस! शास्त्रीबुवांनी सांगितलं होतं, जिथे धूर तिथे अग्नी, अनुमानाचं हे सगळ्यात जुनं उदाहरण. पुढच्याच आठवड्यात डास मारायचा धूर सोडणारे पालिकेचे लोक आले. आम्ही धडाधड खिडक्या लावल्या आणि दाजी नाकाला रुमाल लावून जिना उतरून थेट त्या ढगात शिरले. बऱ्याच वेळानं खोकत खोकत वर आले, डोळे लालबुंद, आणि विजयी चेहऱ्यानं म्हणाले, "धूर आसा, आग नाय. शास्त्र्यांक कळवूक व्हया!"

असा हा माणूस योगवर्गात आला तोच मुळात बायकोमुळे. सुमनकाकींना मागे हार्ट अटॅक येऊन गेला होता, डॉक्टरांनी त्यांना हलकीफुलकी आसनं सांगितली. काकी म्हणजे साखर. माझ्या शेजारी त्यांची चटई, त्यांच्या पलीकडे जिग्नाबेन. पुरुषांची रांग समोर, पाण्याच्या टाकीकडे. केतकी म्हणायची, "समजा, श्वास बेंबीपर्यंत गेला," तर टाकीकडून आवाज यायचा, "समजा कशाक?" बिचारी केतकी! चित्ताच्या वृत्ती शांत करायला शिकली होती, पण दाजींची वृत्ती तिच्या कोर्समध्ये नव्हती.

परवा मात्र गोष्ट हसण्यावारी न्यायची राहिली नाही. जिग्नाबेननी मला जिन्यात गाठलं. "वैशालीबेन, दाजी शवासनात आपल्या लाइनीत बघतात. मी बे वखत, दोनदा पकडले. मला नाही आवडत. सोमवारी केतकीला बोलून त्यांना काढून टाकू."

खोटं कशाला बोलू, संशय मलाही आला. पुरुषाची जात, वय काय बघते! पण दाजींना असं काढलं तर चार लोकांत तोंड कसं दाखवतील? आणि ते येणार नाहीत तर काकीही येणार नाहीत, एकट्या त्या जिनासुद्धा चढत नाहीत. मी म्हटलं, "जिग्नाबेन, आधी मला बघू दे. डोळ्यांनी." बोलून गेले आणि कळलं, अगं बाई, मी दाजींसारखी बोलायला लागले!

दुसऱ्या दिवशी शवासनात मी पापण्या किलकिल्या ठेवल्या. दाजी कोपरावर. नजर आमच्याच रांगेवर, बरोबर. माझा हात शिवशिवायला लागला. पण ती नजर जिग्नाबेनवर नव्हती, माझ्यावर नव्हती. ती काकींच्या पोटावर होती. काकींचा पिवळा ड्रेस श्वासाबरोबर हळू वर यायचा, खाली जायचा. दाजींनी स्वतःचा एक हात आपल्या पोटावर ठेवला होता आणि काकींच्या श्वासाबरोबर ते श्वास घेत होते. मग काकींचा श्वास मंदावला. पिवळा ड्रेस हलेना. दाजी अर्धवट उठले. चेहरा पांढराफटक पडला. खण्णकन किल्ल्या लादीवर पडल्या. काकींनी झोपेतच कपाळाला आठी घातली, आणि दाजी धपकन चटईवर बसले.

वर्ग सुटला, काकी केतकीशी बोलत मागे राहिल्या. मी दाजींना टाकीपाशी गाठलं. म्हटलं, "मी बघितलं, दाजी."

त्यांनी आधी नेहमीसारखं, काय बघितलंस, कसं बघितलंस, सुरू केलं. मग टाकीला टेकून उभे राहिले. "त्या दिवशी दुपारी ती अशीच पडली होती गो. माका वाटला, निजली. झिलाचो फोन इलो, त्येकाव सांगलंय, आये निजली हा." ते नॅशनल पार्कच्या डोंगराकडे बघत राहिले. "तिची झोपमोड नको म्हणान मी टीव्हीचो आवाज कमी केलंय. तिकडे तिचा हृदय बंद पडत होता आणि मी आवाज कमी करून मॅच बघत बसलंय. डॉक्टर म्हणालो, जरा आधी आणल्यात असतात तर... ह्यां माझां अनुमान!"

मी त्यांची चटई गुंडाळून त्यांच्या हातात दिली.

"तिका सांगा नको," ते म्हणाले. "घाबरतली. तिका वाटता मी येडो आसंय. वाटूंदे."

खाली जिग्नाबेन वाटच बघत होत्या. "जोयुं? बघितलं? कुठे बघतात?"

"बायकोकडे," मी म्हटलं. "स्वतःच्या. पूर्ण वेळ."

"आ उमरमां?" जिग्नाबेन खुदकन हसल्या. "मारा मिस्टर तर लग्नातपण माझ्याकडे नाही बघत होते, जेवणाकडे बघत होते." आणि सोमवारची गोष्ट तिथेच मिटली.

सोमवारी केतकीनं डोळे मिटायला सांगितलं. मी मान काकींकडे वळवली आणि डोळे उघडे ठेवले. पिवळा ड्रेस वर, खाली. समोर दाजी कोपरावर होतेच. त्यांनी माझ्याकडे बघितलं, काकींकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे बघितलं. आवाज न करता ओठ हलवले, "बघतंस?"

मी मान हलवली. बघते.

दाजींनी बराच वेळ मला तपासलं, मीटर तपासावं तसं. मग किल्ल्यांचा जुडगा हळूच चटईखाली सरकवला, आडवे झाले आणि डोळे मिटले. थोड्या वेळानं ते घोरायलासुद्धा लागले.