माल घेऊन गेलेला पाडकामवाला

घरामागची खोली पाडायचं हेडक्लार्कांनी ठरवलं, तेव्हा त्यांचा हेतू शुद्ध होता. वडील जाऊन वर्ष झालं होतं आणि आई रोज दुपारी त्यांच्या त्या कामाच्या खोलीत एकटीच जाऊन बसायची. बाहेर यायची ती डोळे पुसत. आता ती आठवडाभर मावशीकडे गेली होती. तेवढ्यात खोलीच नाहीशी केली की आईचं रडणं थांबेल, असा त्यांचा हिशेब. (आईला विचारावं, हे काही सुचलं नाही. ऑफिसात मात्र टाचण्या मागवायच्या तरी ते वरिष्ठांची मंजुरी घेत.)

दोन कंत्राटदारांनी तोंडाला येईल तो आकडा सांगितला. तिसरा म्हणाला, "मला पैसे नकोत, साहेब. निघेल तो माल माझा."

"बघ, फुकटात काम," हेडक्लार्क बायकोला म्हणाले.

"फुकट कोण कशाला घाम गाळेल?" ती म्हणाली. पण हेडक्लार्कांना माणसं चेहऱ्यावरून कळत असत.

कंत्राटदार शब्दाला पक्का निघाला. पहिल्याच दिवशी त्याने सागवानी दार नेलं, खिडक्या नेल्या, पत्रे आणि पत्र्यांखालचं लोखंडही नेलं. दुसऱ्या दिवशी तो फिरकलाच नाही. हेडक्लार्कांनी फोन लावला.

"अहो, भिंती राहिल्या की."

"भिंतीत काय निघतं, साहेब? काढताना विटा फुटतात. भिंती तुमच्या तुम्हाला."

मग हेडक्लार्कांनी स्वतः पहार उचलली. भिंतीचं काही बिघडलं नाही, त्यांची कंबर तेवढी धरली. आणि आई एक दिवस आधीच परतली.

दाराच्या जागी येऊन ती थांबली. हेडक्लार्कांना इतकं अपराधी आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

"आई, इथे बसून तुला त्रास व्हायचा, म्हणून..."

"व्हायचाच रे," आई म्हणाली. "मी कधीच म्हटलं असतं, पाडून टाक. पण बाबांची आठवण म्हणून तुला ती हवी असेल, असं वाटायचं. म्हणून रोज जाऊन झाडत होते."

आईने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि समोरच्या उघड्या विटांकडे पाहिलं.

"गिलावा करून घ्या म्हणून जन्मभर ह्यांच्या मागे लागले होते. त्यांनी खोली अर्धी बांधून ठेवली, तू अर्धी पाडून ठेवलीस. आता पुढचं काय ते सूनबाई बघेल. तू मध्ये पडू नकोस."