साहेब, माझा दावा फुसका होता

दिवाणी दावा हरणाऱ्याला न्यायाची जेवढी किंमत कळते, तेवढी जिंकणाऱ्याला कधीच कळत नाही. कारण ती हरणाऱ्यालाच भरावी लागते. जिंकलेल्याच्या वकिलांचा खर्च हरलेल्याने द्यायचा, असा साधा, सरळ नियम आहे. तो खर्च फार वाटला तर हरकत घेण्याची सोयही आहे, आणि ही सोय ज्या खोलीत केलेली आहे तिथे मी अव्वल कारकून आहे. खोली जिन्याखाली आहे. (उंच माणसांनी वाकून यावं. बाहेर पडताना सगळेच वाकलेले असतात.)

आमच्याकडे येणाऱ्या शंभरातले नव्वद लोक आल्या आल्या सांगतात, "प्रश्न पैशाचा नाही, तत्त्वाचा आहे." उरलेले दहा जण हेच वाक्य वकिलाला पैसे देऊन लिहून आणतात.

परवा फ्रेमवाला आला. हा फोटोंना लाकडी फ्रेमा करून देतो. शेजारचं चष्म्याचं दुकान त्याच्या सख्ख्या मेहुण्याचं. मेहुण्याने दुकानावर नवी पाटी लावली आणि तिची फळी फ्रेमवाल्याच्या हद्दीत चार बोटं आली. (मेहुण्याच्या मते तीन.) झालं, दावा लागला. फ्रेमवाला हरला आणि मेहुण्याच्या वकिलांचं बिल त्याच्या हातात पडलं. ते भरायचं तर दुकान विकावं लागणार होतं.

बिल अप्रतिम होतं. इतकी वर्षं बिलं वाचतोय, पण असं सर्वांगसुंदर बिल विरळाच. तीन वकिलांनी फळी पाहायला जाणे. त्यांतल्या ज्येष्ठांनी ती पुन्हा, चष्मा लावून, पाहणे. (चष्म्याचे वेगळे. चष्मा मेहुण्याच्याच दुकानातला.) अशिलाला धीर देणे. अशील धीर धरत नाही असे दिसल्यावर आपापसांत चर्चा करणे. तारीख पुढे गेल्याबद्दल खेद व्यक्त करणे, प्रत्येक वेळी नव्याने. आणि शेवटी, 'करवतीचा विषय निघू नये यासाठी सल्लामसलत'.

आता हरकत कशी घेतात ते समजून घ्या. खर्च अवाच्या सवा आहे हे सिद्ध करायचं, तर दावा अगदी किरकोळ होता, त्याला एवढे वकील लागतच नव्हते, हे दाखवावं लागतं. म्हणजे जो दावा आपण छातीठोकपणे लढलो, तो किती पोकळ होता हे आपणच सांगायचं. आणि जिंकलेल्याने सांगायचं की समोरच्याची बाजू इतकी भक्कम होती की तिघांना घाम फुटला. ही पद्धत मला फार आवडते. एरवी हरलेल्याबद्दल चार चांगले शब्द बोलतो कोण?

फ्रेमवाला उभा राहिला. "साहेब, माझा दावा फुसका होता."

"किती फुसका?" तपासणी अधिकाऱ्यांनी विचारलं. (नोंद करावी लागते.)

"एकदम! वकील नसता तरी मेहुणा जिंकला असता."

मेहुण्याचे वकील ताडकन उठले. "साफ खोटं! यांचा दावा अभेद्य होता, साहेब. यांचा एकेक मुद्दा ऐकून आमची झोप उडाली होती." (उडालेली झोप बिलात होतीच.)

फ्रेमवाल्याचा चेहरा उजळला. दावा लागल्यापासून त्याला कोणी बरोबर म्हटलं नव्हतं. तो मान डोलवून "अगदी खरं" असं म्हणणार, तेवढ्यात बायकोने त्याला कोपराने ढोसलं.

ही बायको म्हणजे मेहुण्याची थोरली बहीण. ती दोघांच्या मधे बसली होती, कारण खोलीत पक्षकारांसाठी खुर्च्या तीनच आहेत आणि ते दोघे शेजारी बसायला तयार नव्हते.

"मी एक विचारू का?" ती म्हणाली. "ह्यांच्या दुकानात करवत आहे. दिवसभर लाकूडच कापतात. चार बोटं फळी कापायला वेळ तो कितीसा लागतो?"

मग मेहुणा मान खाली घालून म्हणाला, "ताई, भावजी एकदा बोलले असते तर फळी मीच धरली असती."

"मग तू आधी बोलायचं होतंस," फ्रेमवाला म्हणाला. त्याचा आवाज चिरकला. वकिलांनी मात्र समजावून सांगितलं की समेट या खोलीच्या अधिकारात बसत नाही, आणि समजावण्याचा वेळ टिपून घेतला.

निकाल लागला. फ्रेमवाल्याचं म्हणणं पूर्ण मान्य. दावा फुसकाच होता, सबब बिल निम्मं केलं. मात्र फुसका असल्याचं स्वतः कबूल केलेला दावा आणून कोर्टाचा वेळ घालवल्याबद्दल तेवढाच दंड केला. कापलेलं निम्मं बिल मेहुण्याने भरायचं, कारण वकील त्याचे होते. दोघांनाही दुकानं विकावी लागली; ती एकाच गिऱ्हाइकाने घेतली, मधली भिंत पाडली आणि पाटी उतरवली. फळीचा प्रश्न मुळापासून सुटला. याला मी न्याय म्हणतो.

फ्रेमवाल्याची बायको ती फळी घरी घेऊन गेली म्हणतात. निकालाच्या दिवशी निघताना तिने माझ्याकडे पाहिलं होतं. ते पाहणं मला आवडलं नाही.

असो. आता तुमच्याकडे वळू. एवढं वाचेपर्यंत चूक फ्रेमवाल्याची की मेहुण्याची, हे तुम्ही मनाशी ठरवून टाकलं असेल. हे घरात कोणाला तरी वाचून दाखवा. ते नेमकी दुसऱ्याची बाजू घेतील. मग फळी चार बोटं होती की तीन, यावरून तुमचं वाजेल, आणि तुम्ही आवाज चढवून म्हणाल की प्रश्न फळीचा नाहीच आहे.

या मग. खोली जिन्याखाली आहे. तुमची उंची काय असेल ती असो, वाकून या.