नऊ म्हणजे चार

जुन्या फर्निचरच्या धंद्यात बत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला कुणी गंडवू शकत नाही! पहिला आकडा कधी खरा सांगायचा नाही, हा माझा बाणा. दुकानातलं कपाट अंगावर पडून दोन्ही पाय प्लास्टरमध्ये गेले, पण बाणा शाबूत होता.

व्हीलचेअर चालवायला शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्ट मॅडम पहिल्याच दिवशी म्हणाल्या, “काका, प्रत्येक फेरीनंतर किती दम लागला ते तुम्हीच आकड्यात सांगायचं. शून्य म्हणजे आराम, दहा म्हणजे आता जीव जातो. आपल्याला चार-पाचवर राहायचंय.”

मला मनातून गुदगुल्या झाल्या. फेरी संपली. दम जेमतेम चार होता.

“नऊ!” मी म्हणालो.

वाटलं, घासाघीस होईल, सहावर सौदा पटेल. तर त्या भल्या बाईने मुकाट्याने नऊ लिहून घेतले! गिऱ्हाईकच इतकं भोळं असेल तर माझा काय दोष? दहा फेऱ्यांच्या सहा झाल्या, सहाच्या दोन. उरलेला वेळ मी चहा पीत शेजारच्या खाटेवरच्या पैलवानाला धंद्यातल्या खुब्या शिकवत होतो.

शनिवारी मला घरी सोडणार होते. महिनाभर घर पाहिलं नव्हतं. माझी उशी, माझी खिडकी, नुसत्या आठवणीने डोळे भरून यायचे. दारातल्या पायऱ्यांवर बायकोने लाकडी उतारही करून घेतला होता. शुक्रवारी डॉक्टर आले, त्यांनी माझा तक्ता पाहिला आणि भुवया वर गेल्या.

“सपाट फरशीवर नऊ? मग घरचा उतार कसा चढणार? अजून तीन आठवडे राहा इथेच.”

मी घाईघाईने म्हणालो, “डॉक्टर, तो सुरुवातीचा भाव होता हो! खरे चारच!”

मॅडमनी कपाळाला हात लावला. “असं? मग समोरचा सरावाचा उतार चढून दाखवा.”

बायको नेमकी तेव्हाच डबा घेऊन आली. मी ऐटीत चाकांना हात घातला. पण आठवडाभर नुसत्या दोन फेऱ्या आणि चहा! अर्ध्यावरच दंड भरून आले, छातीचा भाता झाला.

“काका, आकडा?”

“नऊ! आईशप्पथ नऊ!”

“थांबा, थांबा!” मॅडम धावल्या.

“काही थांबायला नको,” बायको म्हणाली. “तीस वर्षं ऐकतेय मी. यांचे नऊ म्हणजे चार. अहो, चढा!”

चढलो! वर पोचल्यावर तोंडातून शब्द फुटेना, म्हणून दहाही बोटं दाखवली.

“पाच,” बायकोने सांगून टाकलं.

डॉक्टरांनी नाडी पाहिली, मान डोलावली आणि रोज वीस फेऱ्यांच्या अटीवर मला घरी सोडलं.

घरी आता आकडा सांगतो मी, लिहिते ती. काल अगदी प्रामाणिकपणे चार सांगितले. तिने दोन लिहिले आणि वर पाच फेऱ्या वाढवल्या!