एक नंबरचं बटण

मुलांनो, एक कल्पना करून पाहा. तुमची कंपासपेटी घ्या आणि ती खोडरबरावर ठेवा. दोन्ही टोकं अधांतरी, पोट रबरावर. आता त्या पेटीला चार चाकं आहेत, रंग लालभडक आहे, आत चार माणसं बसली आहेत आणि ते खोडरबर म्हणजे सोसायटीच्या फाटकातला गतिरोधक आहे, असं समजा. समजलात? मग त्या पेटीत पुढच्या डाव्या सीटवर बसून रुमालाने मान पुसणारे गृहस्थ म्हणजे तात्याराव.

तात्याराव सिंहगड रस्त्यावरच्या एका सोसायटीचे अध्यक्ष. सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन त्यांना चार वर्षं झाली होती. जिन्यातले दिवे कधी मालवायचे आणि झाडांना पाणी किती घालायचं, हे सगळं तेच ठरवत. जन्मभर त्यांनी स्कूटर चालवली आणि लोकांना साधेपणावर भाषणं दिली. पण मनात एक हौस दडवून ठेवलेली होती. महागड्या गाड्या करणाऱ्या कंपनीची एक तरी गाडी घ्यायची; सगळ्यात स्वस्त असली तरी चालेल, पण बुटकी, लांबोडकी आणि सुरू झाली की वाघासारखी गुरगुरणारी हवी.

एकट्याने शोरूममध्ये शिरायचा धीर होईना, म्हणून त्यांनी मुलाला, चेतनला, सोबत नेलं. सुदर्शन नावाचा विक्रेता हसत पुढे आला, तात्यारावांना वळसा घालून गेला आणि त्याने चेतनचा हात हातात घेतला.

"या गाडीचं गिऱ्हाईक ठरलेलं असतं, सर," तो म्हणाला. "तीस ते चाळीस वय, आयटीतली नोकरी, घरात दोन पगार. कंपनीने तसा अभ्यासच केलाय."

चेतन छत्तीस वर्षांचा, नोकरी हिंजवडीत, बायको कल्याणी तीही कमावती. वय बसत होतं, पगार बसत होता; फक्त चेतनला गाडी नको होती. तो कंपनीच्या बसने जायचा, बसमध्ये झोपायचा आणि त्या झोपेवर त्याचा फार जीव होता.

चेतन कॉफी आणायला गेला, तसं तात्यारावांनी हळूच विचारलं की त्यांच्या वयाचं कोणी ही गाडी घेत नाही का. सुदर्शनने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"घेतात की, काका. माझी निम्म्याहून जास्त गिऱ्हाइकं पांढऱ्या केसांची. तरुणांचा पगार फ्लॅटच्या हप्त्यात जातो. मधल्या वयाच्यांना उंच, मोठी गाडी लागते. मुलं, सासूबाई, सामान. मोकळा पैसा आणि मोकळी हौस तुमच्याच वयाला असते."

"मग कंपनीच्या अभ्यासात हे कसं नाही?"

"कारण प्रत्येक जण सांगतो, मुलासाठी घेतोय."

तात्याराव थोडा वेळ गाडीच्या आरशात स्वतःचे केस पाहत राहिले. मग त्यांनी घसा खाकरला आणि म्हणाले, "मीसुद्धा मुलासाठीच घेतोय."

झालं. त्यांच्या फंडाच्या पैशांतून गाडी आली आणि सोसायटीत बातमी पसरली की चेतनने गाडी घेतली. घरच्यांना शपथा घातल्या गेल्या. गाडी घरी आणायच्या दिवशी सुदर्शनने एक गंमत शिकवली. चालकाच्या दारावर छोटी बटणं होती. सीट आपल्या अंगाला हवी तशी मागेपुढे, खालीवर करायची, 'सेट' दाबायचं आणि मग आकडा दाबायचा. पुढे केव्हाही तो आकडा दाबला, की सीट आठवणीने तशीच होते. तात्यारावांनी सीट भरपूर पुढे आणि भरपूर वर घेतली, कारण त्यांची उंची बेताची. नऊ वर्षांच्या नातीने, अक्षताने, एकचा आकडा दाबून आजोबांची जागा पक्की केली.

शोरूमपासून गाडी त्यांनीच चालवली, पण सोसायटीजवळ येताच तात्यारावांना चालकाच्या सीटवरून उतरावं लागलं. गाडी चेतनची, तर चेतनने चालवायला नको का? सहा फुटी चेतन सीट पार मागे ढकलून स्टिअरिंगमागे बसला, तात्याराव शेजारी, आणि मागे नारळ सांभाळत तात्यारावांच्या पत्नी राधाबाई आणि अक्षता. फाटकात कल्याणी औक्षणाचं ताट घेऊन उभी होती आणि तिच्या मागे निम्मी सोसायटी.

पुढची चाकं गतिरोधक चढली, उतरली, आणि गाडीच्या पोटातून 'खर्रर्र' असा आवाज आला. चेतनने घाबरून गाडी तिथेच थांबवली. अर्धी आत, अर्धी बाहेर.

आता हा गतिरोधक एवढा उंच कोणी करून घेतला होता? तात्यारावांनीच. मोटारसायकलवाल्या पोरांना चाप बसावा म्हणून मागच्या वर्षी त्यांनी ठराव केला होता. माझी पाठ दुखते, असं सांगत शेजारच्या रावसाहेबांनी त्याला कडाडून विरोध केला, तेव्हा तात्यारावांनी त्यांना भर सभेत सुनावलं होतं. रावसाहेब ते विसरले नव्हते. ते खिडकीशी येऊन वाकले.

"अभिनंदन, चेतन. गाडी आत आणतोयस की इथेच लावतोयस?" मग तात्यारावांकडे वळून म्हणाले, "ज्याला वेगाची हौस आहे, त्याने फाटकाबाहेर राहावं, असं कोणीतरी म्हणालं होतं. आपण होतात का हो?"

मागे पाण्याचा टँकर येऊन थांबला. टँकरमागे गॅसचा टेम्पो. वॉचमन शंभूने चाकांखाली विटा घालायचं सुचवलं. तिसऱ्या मजल्यावरच्या सुशीलाबाईंनी गाडी उचलूनच ठेवा म्हणून सल्ला दिला. कल्याणीच्या ताटातलं निरांजन विझलं. चेतनने पुन्हा पाय दाबला, पुन्हा 'खर्रर्र' झालं, आणि तो ओरखडा जणू तात्यारावांच्याच पोटावर उठला. मागे घ्यायची, चाक वळवायचं आणि तिरकी चढवायची, एवढंच करायचं होतं. त्यांनी घरी रात्री व्हिडिओ पाहून ते पाठ केलं होतं.

"बाबा, तुम्हीच घ्या ना," चेतन पुटपुटला.

"हळू बोल. लोक ऐकताहेत."

चेतनने खाली वाकून पाहायला दार उघडलं. अक्षता केव्हाच मागून उतरून त्या दारापाशी आली होती. तिला वाटलं, बाबा एवढे मागे रेलून बसलेत, त्यांना पुढचं दिसत नसणार. आजोबांना तर सगळं नीट दिसत होतं. मग तिने मदत म्हणून एक नंबरचं बटण दाबलं.

सीट गुणगुणत निघाली. पुढे, आणखी पुढे. वर, आणखी वर. चेतनचे गुडघे स्टिअरिंगला भिडले, डोकं छताला टेकलं आणि छातीखाली हॉर्न दाबला जाऊन गाडी भोंग्यासारखी वाजू लागली. एवढा मोठा माणूस घडी घातलेल्या खुर्चीसारखा दिसत होता.

रावसाहेबांनी शांतपणे चष्मा सारखा केला.

"चेतन, गाडी तुला तात्याराव समजतेय."

कसाबसा अंग सोडवत चेतन बाहेर आला. हॉर्न थांबला. त्या शांततेत सगळे तात्यारावांकडे पाहू लागले. तात्याराव उतरले, गाडीला वळसा घालून आले आणि चालकाच्या सीटवर बसले. सीट त्यांच्या मापाचीच होती.

"माझी गाडी आहे," ते म्हणाले. "मी घेतली. मला हवी होती म्हणून घेतली."

त्यांनी राधाबाईंना उतरवलं, टँकर मागे घ्यायला लावला, गाडी हलकेच मागे नेली आणि तिरकी करून एकेक चाक असं उतरवलं, की कुठे ओरखड्याचा आवाज नाही. गाडी गुरगुरत आत आली. कल्याणीने निरांजन पुन्हा लावलं आणि चेतनला सोडून सासऱ्यांना ओवाळलं.

"पुढच्या सभेत गतिरोधक कमी करायचा विषय घ्या," रावसाहेब जाता जाता म्हणाले. "मांडा आपण, अनुमोदन माझं."

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्याराव आणि अक्षता गाडी पुसत होते, तेवढ्यात रावसाहेब आले. गाडीभोवती एक फेरी मारली. आपल्या मुलाने अमेरिकेतून विचारलंय, म्हणून जरा पाहतोय, असं म्हणाले. मग मुलाला आरामात बसता येईल का, ते कळावं म्हणून स्वतःच आत बसले. सीट थोडी मागे घेतली, पाठीला टेकू दिला आणि डोळे मिटले.

"मुलासाठी ठीक वाटतेय," शेवटी ते म्हणाले.

तात्यारावांनी अक्षताकडे पाहिलं. अक्षताने पुसायचं फडकं खांद्यावर टाकलं, उघड्या दारापाशी गेली, आधी 'सेट' दाबलं आणि मग दोनचा आकडा.