मऊ काडतूस

आमचे शेजारी खांबेटे भावजी बंदुकीची काडतुसं तयार करतात, आणि त्यांच्या घरात बंदूक नाही. बंदूक सोडा, डास मारायची रॅकेटसुद्धा नाही. डास फार झाले की ते पंखा वाढवतात आणि म्हणतात, "जातील आपले आपण."

रेवा, ईशान, तुम्ही मागे सॉल्ट लेकला आमच्याकडे आला होतात तेव्हा ज्यांनी तुमच्या अंगठ्यांची जाडी मोजली होती, तेच हे. ते नक्की काय करतात हे सिडनीतल्या मित्रांना सांगता येत नाही, अशी ईशानची तक्रार आहे. म्हणून पहिल्यापासून लिहिते.

भावजींची सगळी नोकरी गंगेकाठच्या एका सरकारी रायफल कारखान्यात झाली. निवृत्त झाल्यावर त्यांच्या बरोबरीचे लोक गीता, ब्रिज किंवा मधुमेह यांपैकी एकाकडे वळले. हे काडतुसाकडे वळले.

बाजारात मिळणारी काडतुसं ठरलेल्या मापांची असतात. एखाद्या हौशी माणसाला त्यांतलं एकही पसंत पडत नाही. मग तो तयार काडतुसाचं पितळी नळकांडं घेतो, त्याची मान आवळतो, पोट कमी करतो, आणि कुठल्याच कंपनीकडे नसलेलं असं आपलं स्वतःचं काडतूस बेततो. इंग्रजीत याला वाइल्डकॅट म्हणतात, म्हणजे रानमांजर. परदेशातले परवानाधारक नेमबाज ते खरोखर बनवतात. आपल्याकडे घरी काडतूस बनवणं हा गुन्हा आहे, आणि भावजी तर रिकाम्या रस्त्यावरच्या लाल सिग्नललाही थांबणारे. तेव्हा त्यांचं रानमांजर लाकडी. कागदावर गणित करायचं आणि गॅलरीतल्या छोट्या लेथवर शिसवीचा नमुना उतरवायचा. करंगळीहून थोडा मोठा, खाली बसका, वर निमुळता, पॉलिश करून आरशासारखा केलेला.

तुमचे आजोबा त्यांना छळायची एक संधी सोडत नाहीत.

"काय खांबेटे, यंदा वाघ की हत्ती?"

"कागद."

"म्हणजे?"

"कागदाला भोक पाडायचं. टार्गेटच्या."

"मग टोचणीने पाडा की. ह्यापायी निम्मं आयुष्य?"

"भोक कुणीही पाडेल हो. पोचावं, पण बोचू नये, हे अवघड."

पोचावं, पण बोचू नये. हे त्यांचं ब्रीदवाक्य. ते कशालाही लागतं. आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांचं भाषण पोचलं, पण बोचलं. माझा मिरचीचा ठेचा बोचला, पण पोचला नाही. संक्रांतीचा हलवा मी घरी करते, त्याच्या एकेका दाण्याचे काटे ते चष्मा वर करून बघतात आणि मग खिशातून व्हर्नियर काढतात. हे व्हर्नियर म्हणजे बारीक मापं घ्यायचं पोलादी साधन. इतर लोक खिशात पेन ठेवतात तसं ते हे ठेवतात. मोदक, इकडची संदेश मिठाई, नळाची चकती, आमच्या सुनांनी आणलेल्या बांगड्या, सगळं त्याच्या जबड्यातून गेलेलं आहे. मी मोदक एकसारखे करते असा माझा समज होता. तो भावजींनी एका गणेशचतुर्थीला, अत्यंत नम्रपणे, दूर केला.

नमुना पुरा झाला की आम्हाला दाखवायला आणतात. आम्ही छान म्हणतो. ते हातात फिरवत राहतात आणि म्हणतात, "अजून जरा मऊ हवं." शिसवीचं लाकूड यापेक्षा मऊ कसं व्हायचं, असं मला वाटायचं. पण मी इंग्रजी शाळेत, जिथे मुलींना विज्ञानाऐवजी भरतकाम होतं, तिथे शिकले. म्हणून गप्प बसायचे.

एकदा असा नमुना खिशात ठेवून ते मेट्रोला गेले. खिशातल्या व्हर्नियरमुळे यंत्र वाजलं आणि झडतीत नमुना निघाला. शिपायाने बंगालीत विचारलं, "दादू, एटा की?" म्हणजे, हे काय? दुसरा कुणी असता तर खेळणं म्हणून सुटला असता. भावजींना खोटं बोलता येत नाही. त्यांनी त्याला मान समजावली, पोट समजावलं, धक्का कुठून येतो ते समजावलं. मागे रांग दारापर्यंत गेली. शेवटी शिपाईच हात जोडून म्हणाला, "दादू, आपनि जान." आजोबा, तुम्ही जा. भावजी घरी येऊन म्हणाले, "चांगला मुलगा होता. आणखी थोडा वेळ असता तर त्याला समजलं असतं."

आता खरी हकीकत. यंदाच्या जानेवारीतली.

भावजींची एकुलती मुलगी मृणाल कॅलगरीला असते. आई गेल्यापासून तिचं येणं कमी झालं होतं. ती येणार म्हणून भावजींनी घराला रंग द्यायला काढला, आणि लाकडावर चुन्याचे थेंब नकोत म्हणून सगळे नमुने एका कापडी पिशवीत घालून माझ्याकडे दिले. "वहिनी, सांभाळा. यातला एक झाला आहे."

"झाला म्हणजे?"

"म्हणजे, आता आणखी काही करायचं राहिलं नाही." इतक्या वर्षांत हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

मी पिशवी कपाटाच्या खालच्या फळीवर ठेवली. वरच्या फळीवर तशीच दुसरी पिशवी होती. तिच्यात हळदीकुंकवाला वाण म्हणून द्यायचे लाकडी करंडे होते. बायका जमल्यावर मी तुमच्या आजोबांना सांगितलं, वरच्या फळीवरची पिशवी आणा. तुमच्या आजोबांना या घरात राहून इतकी वर्षं झाली, पण फळी म्हणजे जी वाकायच्या उंचीवर असते ती, अशी त्यांची समजूत आहे. मी कुंकू लावत होते, माझी नणंद वाण देत होती. "किती सुबक करंडे," असं सगळ्या म्हणाल्या. निघताना एकीने एवढंच विचारलं, "याचं झाकण कुठून उघडतं हो?" नणंद म्हणाली, "नवीन आहे, घट्ट असेल. घरी जाऊन तेल सोडा."

सगळ्या गेल्यावर मी वरची फळी पाहिली. करंडे जागच्या जागी होते.

भावजी रागावले असते तर बरं झालं असतं. ते खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "मृणाल परवा येते."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून आम्ही दोघं ऑटोने आणि टॅक्सीने वसुलीला निघालो. मेट्रोचं नाव मी काढू दिलं नाही. एकीने खरंच तेल सोडलं होतं. एकीच्या नातवाने बुद्धिबळातला हरवलेला उंट म्हणून लावला होता. सियालदहजवळच्या एका आजींनी तर पक्कड लावायची तयारी केली होती. भावजी प्रत्येक घरी नमुना हातात घेत, व्हर्नियर लावत, मान हलवत, आभार मानत. बाकी सगळे मिळाले. जो झाला होता तोच मिळाला नव्हता. एकच घर उरलं होतं, न्यू टाउनचं. बँकेतल्या नवऱ्याची बदली होऊन नुकतीच आलेली प्राजक्ता.

ऑटोत ते मिळालेले नमुने पुन्हा पुन्हा मोजत राहिले. मी म्हटलं, "भावजी, नाहीच मिळाला तर दुसरा करा. गणित तर तुमच्याकडे आहे. आणि मृणालला कुठे हे आवडतं? मागच्या वेळी म्हणाली होती ना, बाबा, अजून तेच?"

"तिचंच आहे ते," भावजी म्हणाले.

मग रस्ताभर, ऑटोच्या आवाजात, त्यांनी सांगितलं. मृणाल तेरा वर्षांची असताना नेमबाजीच्या क्लबात छोट्या रायफलने छान नेम धरायची. बापाला अभिमान. त्याच भरात एका रविवारी त्यांनी तिच्या हातात मोठी रायफल दिली. पहिल्याच गोळीला असा दणका बसला की पोर मागे गेली. खांदा काळानिळा झाला. घरी आल्यावर तिने आईला सांगितलं, जिन्यात पडले.

"माझं नाव नाही घेतलं तिने," भावजी म्हणाले. "पुन्हा क्लबात आली नाही. माझ्याकडे काही शिकायलाही आली नाही. वहिनी, तिच्या मापाचं तेव्हा काही नव्हतंच. म्हटलं, असायला हवं होतं."

ऑटोवाल्याला मराठी येत नव्हतं, पण त्याने नंतर हॉर्न कमी वाजवला असं मला वाटलं.

प्राजक्ताने दार उघडलं, सरबत दिलं. मी वाणाचं विचारलं. तिने आम्हाला आनंदाने देवघराशी नेलं. बाळकृष्णाच्या शेजारी, तांदळाच्या ढिगावर, हळदकुंकू लावून, भावजींचं काडतूस उभं होतं. डोक्यावर एक फूलही होतं.

"झाकण उघडेना, तेव्हा माझ्या लक्षात आलं," प्राजक्ता म्हणाली. "म्हटलं, इकडच्या बाजूचा काहीतरी देव असणार. कुणाला विचारायची लाज वाटली. पण आहे कोणता देव, काका?"

"काडतूस आहे," भावजी म्हणाले.

प्राजक्ताने एकदा देवघराकडे पाहिलं. "मी त्याला दूधसाखरेचा नैवेद्य दाखवला," ती हळूच म्हणाली.

भावजींनी चपला आधीच काढल्या होत्या. आता हात जोडले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "चला वहिनी. देवघरातलं मागता येत नाही."

मी मात्र मागितलं. सगळं कारण सांगितलं. प्राजक्ताने ऐकून घेतलं, त्यावरचं फूल काढून बाळकृष्णाला वाहिलं आणि काडतूस भावजींच्या ओंजळीत ठेवलं. "असंच न्या," ती म्हणाली. "कुंकू पुसू नका." त्यांनी पुसलं नाही. मापही घेतलं नाही.

मृणाल आली, आणि दुसऱ्या दिवशी बापलेक आमच्याकडे जेवायला आले. नोलेन गुळाचे, म्हणजे खजुराच्या नव्या गुळाचे, तिळाचे लाडू केले होते. भावजींनी पानाशेजारी एक छोटी डबी ठेवली आणि भाताकडे बघत बसले. तुमच्या आजोबांनी तोंड उघडलं, मी पायाने त्यांचा पाय दाबला.

मृणालने डबी उघडली. "बाबा, अजून तेच?" पण हसून म्हणाली. मग तिने ते उचललं, फिरवलं. "याला कुंकू कशाचं?"

"ती एक मोठी गोष्ट आहे," मी म्हटलं.

"हे किती लहान आहे. आधीची केवढी असायची. कुणासाठी केलंत?"

भावजी अजून भाताकडेच बघत होते. "तेरा वर्षांच्या मुलीसाठी."

मृणालचा डावा हात आपोआप उजव्या खांद्यावर गेला. तिच्या ते लक्षातही आलं नसावं. काडतूस दुसऱ्या मुठीत होतं.

"याचा धक्का कितीसा बसेल, बाबा?"

"फार नाही. कुणी खांद्यावर हात ठेवावा, तेवढा."

ती भात घ्यायला उठली. भाताचं पातेलं माझ्यापाशीच होतं, पण ती वळसा घालून भावजींच्या मागून आली, आणि येताना त्यांच्या खांद्यावर हात ठेवून थांबली.

"एवढा?"

भावजींनी नीट विचार केला. खोटं त्यांना बोलता येतच नाही.

"याहून किंचित कमी," ते म्हणाले.

मग त्यांनी ताटातला लाडू उचलला आणि न मोजता खाल्ला.